चालू प्रकल्पाचे उद्घाटन

हिंगणी रस्त्यावरचा 'कार्बोधन'चा प्रकल्प मार्चपासून चालू होता, पण तो अजून सुरू झालेला नव्हता. सुरू होण्यासाठी उद्घाटन लागते, उद्घाटनासाठी मंत्री लागतात आणि मंत्र्यांची तारीख मुंबईत असते. तोवर प्रकल्प नुसता चालत राहिला तर त्याला कुणाची हरकत नव्हती.

आसपासच्या गावांतून रोज सकाळी शेणाच्या ट्रॉल्या येत. शेण टाकीत कुजे, त्यातून गॅस निघे आणि गॅस धुऊन त्यातला मिथेन वेगळा केला जाई. इथपर्यंतचे काम वर्धा जिल्ह्याला नवे नव्हते. गोबरगॅस इथल्या दोन पिढ्यांनी पाहिला होता आणि ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनी त्यावरची भाषणे ऐकली होती. नवे होते ते पुढचे. हा मिथेन चुलीकडे न जाता एका उभ्या, बंद भट्टीत जाई. आत लोखंडाची बारीक पूड लालभडक तापलेली असे. त्या उष्णतेत मिथेन फुटे. हायड्रोजन वर निघून जाई आणि कार्बन लोखंडाच्या कणांवर थरावर थर चढत राही. थर नीट बसले की त्याचे ग्राफाइट होई. पेन्सिलीच्या शिशात असते तेच, फक्त त्याहून पुष्कळ शुद्ध. मोबाइलपासून विजेवरच्या मोटारीपर्यंत सगळ्या बॅटऱ्यांत ते लागते आणि आपल्याकडे ते बहुतेक बाहेरून येते.

थर नीट बसण्याची अट एकच होती. बॅच लावली की आठ दिवस भट्टी थंड होता कामा नये. मध्येच थंडावली तर खाली ग्राफाइट आणि वर काजळी असा माल निघे, आणि काजळी विकत घ्यायला पुण्याहून कुणी येत नाही.

पुण्याजवळची एक बॅटरी कंपनी येणार होती ती ग्राफाइट पाहायला. डिसेंबरअखेर ती आपल्या पुरवठादारांची यादी बंद करणार होती. एका सलग बॅचचा नमुना तिच्या कसोटीला उतरला तर 'कार्बोधन'चे नाव यादीत जाणार होते. नाही उतरला तर मालक श्रीनिवास पांढरीपांडे ग्राफाइटचा विभाग बंद करून मिथेन सिलिंडरांत भरून विकणार होते. तसे त्यांनी डॉ. मोनाली थूल यांना तोंडावर सांगितले होते. मोनालीची पीएच.डी. याच विषयातली होती. नागपूरच्या कॉलेजातली कायमची नोकरी सोडून ती आली ती ही भट्टी उभी करायला, आणि तीन वर्षांत तिने ती उभी केली होती. सिलिंडर भरायला तिची गरज नव्हती.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिने नमुन्याची बॅच लावली. दुसऱ्याच दिवशी मंत्र्यांची तारीख आली. ती बॅचच्या ऐन मध्यावर पडत होती.

आधी मंत्र्यांचे स्वीय सहायक योगेंद्र उगले पाहणीला आले. त्यांनी मांडवाची जागा पाहिली, पार्किंग पाहिले, स्वच्छतागृह पाहिले आणि मग भट्टीपाशी येऊन थांबले.

"हा आवाज कशाचा?"

"कॉम्प्रेसरचा," मोनाली म्हणाली. "गॅस दाबानं आत जातो."

"म्हणजे प्रकल्प चालू आहे?"

"मार्चपासून."

उगल्यांनी पांढरीपांडेंकडे पाहिले. "शेठ, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही."

"लिहिलं होतं ना. 'प्रकल्प यशस्वीरीत्या कार्यरत असून' असं."

"ते तर सगळेच लिहितात." उगल्यांनी घड्याळ पाहिले. "बंद करा. भाऊसाहेबांनी बटन दाबलं की सुरू व्हायला पाहिजे. चालू असलेली गोष्ट सुरू कशी करायची?"

मोनालीने त्यांना थर, तापमान, आठ दिवस आणि पुणे हे सगळे सांगितले. उगल्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त एक अनुभव आलेला होता.

"मॅडम, मागे एका गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. टाकी आधीपासून चालू. भाऊसाहेबांनी नळ सोडला, टाळ्या वाजल्या, आणि मागून एक बाई म्हणते, 'साहेब, तो नळ जरा घट्ट बसवून द्या, दोन वर्षांपासून गळून राह्यला.' तो व्हिडिओ अजून फिरतो आहे. नोकरी माझी जाते."

शेणपुरवठ्याचा ठेका असलेले रूपराव धांदे सोबत होते. ते माजी सरपंच होते आणि स्वागत समितीचे अध्यक्षही तेच होते. ते म्हणाले, "मॅडम जी, एक दिवस बंद ठेवली तं काय होते? आमचं ट्रॅक्टर दोन-दोन महिने बंद राह्यते."

"ट्रॅक्टर थंड झाला तर त्याचं काही बिघडत नाही, रूपरावजी. हिचं बिघडतं."

शेवटी तोड निघाली ती मोनालीनेच सुचवलेली. भट्टीतून निघणारा जास्तीचा हायड्रोजन एका उंच खांबाच्या टोकाशी जाळून टाकत. त्याला फ्लेअर म्हणत. समारंभापूर्वी तेवढी ती ज्योत विझवून हायड्रोजन टाकीत साठवायचा, मंत्र्यांनी बटन दाबले की भोंगा वाजेल आणि ज्योत पुन्हा पेटेल. भट्टी आत आपली चालू राहील. कॉम्प्रेसरच्या आवाजावर सनई लावायची.

"चालेल," उगले म्हणाले. "ज्योत मोठी पाहिजे. फोटोत यायला पाहिजे."

"त्यात एक अडचण आहे. हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे लहान असते?"

"मोठी असते. दिसत नाही."

उगल्यांनी खांबाच्या टोकाकडे पाहिले. "मग ती लागली हे तुम्हाला कळतं कसं?"

"यंत्रावर कळतं. नाहीतर जवळ हात नेला की कळतं."

"हात कोणाचा न्यायचा ते आधी ठरवून घ्या," रूपराव म्हणाले. "मंत्र्याचा नाई चालत."

"दिसेल, दिसेल," पांढरीपांडे घाईने म्हणाले. "ती व्यवस्था माझ्याकडे लागली." पांढरीपांडेंच्या घरात पूर्वी कापसाच्या जिनिंगचा धंदा होता. तिथे पाहुण्याला नाही म्हणायची रीत नव्हती. त्याच संध्याकाळी त्यांनी भट्टीवरच्या ऑपरेटरला, प्रेमदासला, विचारून घेतले की आणीबाणीत मिथेन भट्टीत न जाऊ देता थेट फ्लेअरकडे वळवायचा लाल दांडा कुठला. मालकाने विचारले, प्रेमदासने दाखवला.

समारंभ दुपारी तीनचा होता, त्यामुळे मंत्री साडेचारला आले. तोवर स्वागतगीत दोनदा झाले होते. समईच्या वाती बोरच्या जंगलाकडून येणाऱ्या वाऱ्याने चार वेळा विझल्या होत्या आणि रूपरावांच्या कार्यकर्त्यांनी फ्लेअरच्या खांबाला खालपासून वरपर्यंत झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. बॅटरी कंपनीच्या गुणवत्ता विभागातल्या शरयू भिडे बॅच पाहायला त्याच दिवशी सेवाग्राम स्टेशनवर उतरून आल्या. चष्मा आणि खांद्यावरची बॅग पाहून स्वागत समितीने त्यांना मुंबईच्या समजून गुच्छ दिला आणि दुसऱ्या रांगेत बसवले. त्या गुच्छ मांडीवर ठेवून मुकाट्याने बसल्या.

मंत्र्यांनी बटन दाबले. भोंगा वाजला. टाळ्या झाल्या आणि थोड्या वेळाने आपोआप थांबल्या. सगळे वर पाहत होते.

"लागली का?" मंत्र्यांनी विचारले.

"लागली, साहेब," मोनाली म्हणाली.

"कुठे?"

"टोकाला आहे."

मंत्र्यांनी कपाळावर हात धरून पुन्हा पाहिले. खांबाच्या टोकाशी निळे आकाश होते आणि त्यातून एक घार जात होती. फोटोग्राफर एकमेकांकडे पाहू लागले. एकाने विचारले, "साहेब, परत एकदा दाबता का?" मंत्र्यांनी परत दाबले. भोंगा परत वाजला.

मग सगळ्यांत वरची माळ काळी पडली. झेंडूची फुले आपोआप आक्रसली, सुतळी तुटली आणि जळकी माळ सरपटत खाली येऊन कोनशिलेवर पडली. जाळ कुठेच नव्हता. बायांच्या रांगेत एकीने दुसरीचा हात धरला.

"कायचं करणीचं काम आहे का बाप्पा?" कुणीतरी पुटपुटले. मागे विरोधी गटाच्या दोन पोरांनी मोबाइल वर केले होते. उगल्यांना घाम फुटला. त्यांनी पांढरीपांडेंकडे पाहिले. पांढरीपांडे जागेवर नव्हते.

पुढच्या क्षणी खांबाच्या टोकाला पिवळाधमक जाळ उसळला, घरापेक्षा उंच आणि ढगासारखा पसरलेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी दोन्ही हात वर केले. फोटो झाला. "ही ज्योत म्हणजे विदर्भाच्या भविष्याची ज्योत आहे," असे म्हणत त्यांनी भाषणाला सुरुवात केली आणि बॅटरी या विषयावर ते बराच वेळ बोलले. बॅटरीतले पाणी वेळोवेळी तपासावे, असेही त्यांनी सांगितले.

मोनाली ते ऐकायला तिथे नव्हती. पिवळा जाळ दिसताच तिला कळले की तो मिथेन आहे. ती नियंत्रण कक्षाकडे धावली. पांढरीपांडे लाल दांड्यापाशी उभे होते आणि प्रेमदास त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभा होता. भट्टीला मिथेन मिळेना, म्हणून हायड्रोजन बनेना. त्याच हायड्रोजनवर भट्टी तापत होती. दाब उतरला तसे यंत्रणेने ठरल्याप्रमाणे आत नायट्रोजन सोडला आणि भट्टी स्वतःच बंद केली. मार्चपासून चालू असलेला प्रकल्प उद्घाटनाच्या वेळी रीतसर बंद पडला.

"पाच मिनिटांचा तर प्रश्न होता," पांढरीपांडे म्हणाले. "परत लावा."

"परत तापायला दीड दिवस लागतो, सर."

"बरं, लागू द्या. त्या पुण्याच्या बाईंना काय कळणार आहे? सलग बॅच म्हणून लिहून द्या." ते अवघडून हसले. "मंत्र्यासमोर काय करणार होतो मी, सांगा तुम्ही. तो माणूस आकाशाकडे बघत होता हो."

मोनाली वळली. दारात शरयू भिडे उभ्या होत्या, हातात गुच्छ घेऊन.

"बॅच तुटली," मोनालीने त्यांना सरळ सांगितले. "आत्ताच. नमुना तुमच्या कामाचा नाही."

"दिसलं मला. हायड्रोजन पिवळा जळत नाही." शरयूंनी गुच्छ टेबलावर ठेवला. "तुम्ही सांगितलं नसतं तर मी आजच निघाले असते. आणि परत आले नसते."

पांढरीपांडेंनी चहा सांगितला आणि प्रेमदासला घेऊन बाहेर गेले.

"आमच्या करारात एक कलम आहे," शरयू म्हणाल्या. "पुरवठादाराकडचे सगळे समारंभ आटोपल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही. ते मीच घालून घेतलं. एका कारखान्यातून नमुना आला होता. आम्ही त्यात लोखंड तपासतो, गंधक तपासतो. त्यात गुलाल निघाला." त्यांनी चहाचा कप घेतला. "तुमच्याकडचे आता किती राहिलेत?"

चहा घेऊन रूपराव स्वतः आले होते. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "खासदारसाहेब रुसले आहेत. त्याईले आज बोलावलं नाई. त्याईचं लोकार्पण करा लागन. मंग जिल्हा परिषदेवाल्यायची कोनशिला. मंग आमच्या समितीचा सत्कार. आन् शेणाची हजारावी ट्रॉली आली का तिची पूजा."

"म्हणजे यादी बंद होईपर्यंत तुमचं उद्घाटन आटोपत नाही," शरयू मोनालीला म्हणाल्या.

"भट्टीचं तापमान यंत्र दर मिनिटाला नोंदवतं," मोनाली म्हणाली. "आठ दिवसांची ती रेघ अखंड असली, तर बाहेर कोण काय करतंय याच्याशी तुम्हाला काम आहे?"

शरयूंनी विचार केला. "नाही. रेघ अखंड असली तर मला भाषणांशी काही देणंघेणं नाही. पण ती कशी ठेवणार?"

"अजून माहीत नाही."

"डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा येईन. त्यानंतर नाही येता येणार."

मोनाली पिपरी मेघेला घरी पोचली तेव्हा आई बातम्या पाहत होती. अनुसयाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि स्थानिक वाहिनीवर ओळखीचे कोण दिसते ते रोज पाहत.

"जाळ तं लई छान दिसून राह्यला," त्या म्हणाल्या. "मंग तू काऊन तोंड पाडून बसली?"

"त्या जाळातच बॅच गेली, आई."

मोनालीने सगळे सांगितले. अनुसयाबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला, ताटात भाकर वाढली आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडे तपासणीचा वर्ग नाई."

"कसला वर्ग?"

"शाळेत साहेब यायचे ना तपासणीले. तं आम्ही एक वर्ग येगळाच ठेवत होतो. भिंतीले तक्ते, दारात कुंड्या, पाढे पाठ असलेली पोरं, सगळं त्याच वर्गात. साहेब आले का थेट तिथं. बाकीच्या वर्गात शिकवणं चालू राहे. कोणी मधात येत नाई, कोणाचा धडा बुडत नाई."

"आणि साहेबांना कळायचं नाही?"

"काऊन नाई कळत? ते बी आधी मास्तरच होते. त्याईले बी पाच वाजताची गाडी धरायची राहे." त्यांनी भाजीचे भांडे पुढे सरकवले. "जेव आता. थंडी होऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी मोनालीने पांढरीपांडेंपुढे कागद ठेवला. फाटकाच्या आत डाव्या हाताला, भट्टीपासून शक्य तितक्या लांब, एक फरसबंद ओटा. ओट्यावर पितळी मुलामा दिलेला खांब. बटन, भोंगा, दोरी ओढली की सरकणारा पडदा आणि मागे भट्टीचे मोठे छायाचित्र. खांबाखालच्या कुलूपबंद पेटीत हॉटेलवाले वापरतात तसला गॅसचा मोठा सिलिंडर. प्रकल्पातली एकही नळी त्या खांबाकडे जात नव्हती.

"आपल्या प्रकल्पाची ज्योत विकतच्या गॅसवर?" पांढरीपांडे म्हणाले.

"आपला गॅस आपल्याला लागतो, सर."

"पण ही फसवणूक नाही का होत?"

मोनालीने कोनशिलेचा मजकूर दाखवला. 'या ज्योतीचे प्रज्वलन मा. श्री.' आणि पुढे स्क्रूने बसवायची, बदलता येणारी नावाची पट्टी. "बटन दाबलं की ज्योत लागते. आपण त्याहून जास्त काही लिहिलेलं नाही."

पांढरीपांडेंनी मजकूर दोनदा वाचला. लाल दांड्याची आठवण त्यांनाही नकोशी झाली होती. त्यांनी सही केली. ओट्याचे काम रूपरावांनी अंगावर घेतले, ज्योत समिती स्थापन केली आणि आठवड्याच्या आत ओटा उभा केला. प्रकल्पातले इतके वेळेवर झालेले दुसरे कुठलेही काम कुणाला आठवत नव्हते.

तुटलेली बॅच काढून भट्टी साफ करण्यात नोव्हेंबर गेला. डिसेंबरच्या सुरुवातीला मोनालीने शेवटची बॅच लावली. नंतर दुसरी लावायला वेळ उरणार नव्हता. खासदारांची तारीख अर्थातच तिच्या मध्यावर आली.

या वेळी सगळे ओट्यावर झाले. खासदारांनी दोरी ओढली, पडदा सरकला, बटन दाबले आणि खांबावर केशरी जाळ उभा राहिला. बायांनी ज्योतीला ओवाळले. रूपरावांनी नारळ फोडला आणि पाणी ओट्यावर शिंपडले. कुणी मांडवातून हलायचे कारण नव्हते. पण खासदार स्वतः इंजिनियर होते, म्हणजे पदवी घेतल्यावर लगेच राजकारणात आले होते.

"मूळ यंत्र कुठे आहे?" त्यांनी विचारले. "मला भट्टी पाहायची आहे."

मोनालीला नाही म्हणता येण्यासारखे नव्हते. ती त्यांना नियंत्रण कक्षाच्या काचेपर्यंत घेऊन गेली. मागून कार्यकर्ते, कॅमेरे आणि कुंकवाचे ताट घेतलेल्या दोन बाया आल्या. काचेपलीकडे राखाडी रंगाचे एक उभे पिंप होते. अलीकडे पडद्यावर काही आकडे होते आणि एक सरळ रेघ होती. प्रेमदास खुर्चीवर बसून त्या रेघेकडे पाहत होता. लाल दांड्याला आता साखळी आणि कुलूप होते.

खासदारांनी बराच वेळ पाहिले. "हे हलत का नाही?"

"हललं तर बिघडलं, साहेब."

"आत काय चाललंय ते दिसतं का?"

"नाही."

कॅमेरावाला पुढे आला. "मॅडम, एकदा बंद करून परत चालू करता येईल का? फक्त व्हिडिओपुरतं. साहेब इथं उभे राहतील."

प्रेमदास खुर्चीवरून उठला आणि दांड्यासमोर जाऊन उभा राहिला. कुंकवाचे ताट काचेच्या दारापाशी आले होते. दारामागे पिंपाचे झाकण होते. मोनाली खासदारांना म्हणाली, "साहेब, हे बंद केलं तर काहीच दिसणार नाही आणि चालू केलं तरी काहीच दिसणार नाही. ज्योत मात्र बंद करून लावता येते. कितीही वेळा. आता ऊनही उतरलंय, छान येईल."

खासदारांनी पिंपाकडे पाहिले, मग खिडकीतून ओट्याकडे पाहिले. तिथे कार्यकर्ते जाळासमोर उभे राहून आपले आपले फोटो काढत होते.

"तिकडेच घेऊ," ते म्हणाले.

ताटही त्यांच्यामागे वळले. खासदारांनी ज्योत पाच वेळा लावली. समोरून, डावीकडून, उजवीकडून, एकदा शेतकऱ्यांसोबत आणि एकदा एकट्याने विचारमग्न मुद्रेत. शेवटच्या वेळी सिलिंडर संपत आला होता, पण तोवर फोटो झाले होते. पडद्यावरची रेघ सरळच होती. मोनालीने लाल दांड्याचे कुलूप एकदा ओढून पाहिले.

शरयू भिडे ठरल्या आठवड्यात आल्या. त्यांनी आठ दिवसांची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली, खासदारांच्या दिवसापाशी थांबल्या, ती वाढवून पाहिली आणि पुढे गेल्या. भट्टी निवल्यावर झाकण त्यांच्यासमोर उघडले. माल आम्लाने धुऊन त्यातले लोखंड काढले आणि तो वाळवला. करड्या, चकचकीत पुडीत काजळी कुठेच नव्हती. शरयूंनी डबी बंद केली आणि मोहर लावली.

"बाहेर तो ओटा कसला आहे?" जाताना त्यांनी विचारले.

"तपासणीचा वर्ग," मोनाली म्हणाली.

शरयूंना ते कळले नाही. त्यांनी विचारलेही नाही. त्यांना गाडी धरायची होती.

वर्ष संपायच्या आत पुण्याहून पत्र आले. नमुना उतरला होता आणि 'कार्बोधन'चे नाव यादीत गेले होते. पांढरीपांडेंनी पेढे वाटले आणि सिलिंडर भरायच्या यंत्राची चौकशी थांबवली. त्या पत्राची बातमी स्थानिक वाहिनीला दिली होती, पण त्यासोबत दाखवायला चित्र नव्हते, त्यामुळे ती लागली नाही.

फेब्रुवारीत शेजारच्या जिल्ह्यांतून अधिकाऱ्यांचे एक पथक 'वर्धा पॅटर्न' पाहायला आले. खासदारांचे फोटो त्यांच्यापर्यंत पोचले होते. रूपरावांनी त्यांना ओट्यावर नेले. पथकाने खांबाची उंची मोजली, पडद्याची दोरी ओढून पाहिली आणि फरशी कुठली, भोंगा कुणाकडून घेतला, नावाची पट्टी बदलायला किती वेळ लागतो हे लिहून घेतले. रूपराव उत्तरे देत होते. आतापर्यंत सात जणांच्या शुभहस्ते ज्योत लागली होती आणि आठवी पट्टी रंगवायला गेली होती.

त्याच वेळी मागच्या फाटकाशी पहिला ट्रक पुण्याकडे निघायच्या तयारीत होता. मोनाली एकेका गोणीची मोहर तपासून ती वर चढवू देत होती. पथकातल्या एका तरुण अधिकाऱ्याचे तिकडे लक्ष गेले.

"तिकडे काय भरताहेत?"

रूपरावांनी मान वळवून पाहिले. "काई नाई साहेब," ते म्हणाले. "ते त्याईचं रोजचं काम आहे. तुम्ही इकडं या, बटन दाबून पाहा."

मोनालीने ते ऐकले. शेवटची गोणी चढली तशी तिने ट्रकची फळी लावून घेतली आणि चालकाला हात केला.